अस्लाकच्या होडीघराचं दार

गुनवोरच्या स्वयंपाकघरात बसून सिंड्रे तिला तिच्याच बहिणीचा खून समजावून सांगत होता. तो ओस्लोचा, सिनेमाचा दिग्दर्शक. घरात बसूनही डोक्यावरची लोकरीची टोपी काढायची नाही, आणि बोलताना दोन्ही हात असे फिरवायचे की समोर कणीक मळायला ठेवलीय असं वाटावं. त्याच्या शेजारी हाल्वोर बसला होता. ह्या हाल्वोरच्या पुस्तकावरून सिनेमा निघत होता. त्यानं मासेमारांचा जाडजूड स्वेटर घातला होता, आणि त्या स्वेटरला जन्मात कधी मासळीचा वास लागलेला नव्हता.

"हे बघ गुनवोर," सिंड्रे म्हणाला, "प्रेक्षकाला कुणाचा तरी हात धरून गोष्टीत चालायचं असतं."

"चालू दे की. माझ्या बहिणीच्या अंगावरून कशाला चालतो?"

हाल्वोर उगाच खाकरला. "त्याचं म्हणणं एवढंच आहे, की शोधमोहीम हा ह्या सिनेमाचा जीव आहे. अख्खं गाव एकदिलानं बाहेर पडतं, वारा, बर्फ, कशाची पर्वा न करता—"

"लिहिलंयस तू ते. वाचलंय मी, दोनदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटेना, म्हणून परत वाचलं."

हाल्वोरला ही स्तुती वाटली की काय कोण जाणे, तो हसला. पुस्तकं लिहिणाऱ्यांचं हे एक बरं असतं. जोडा मारला तरी त्यांना तो भेट दिल्यासारखा वाटतो.

लुंडवेर बेटावर ही गोष्ट शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होती, आणि पाठ होती ती चुकीची. चाळीसेक वर्षांपूर्वी गुनवोरची धाकटी बहीण ओडनी मार्चमधल्या एका शनिवारी गावहॉलमधल्या नाचाला गेली आणि परत आली नाही. एकोणीस वर्षांची होती. मासळीच्या कारखान्यात त्या हिवाळ्यापुरता मुख्य भूमीवरून एक मेकॅनिक आला होता. त्यानं तिच्या डोक्यात घाव घातला, मेली असं समजून तिला किनाऱ्यावरच्या अस्लाकच्या होडीघरात ओढत नेलं आणि जाळ्यांखाली दडपली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव शोधायला निघालं. बाजूबाजूला उभं राहून माणसांची लांब ओळ केली आणि बेटाच्या एका टोकापासून चालत सुटले. खडकांच्या कपारी पाहिल्या, दलदल काठ्यांनी ढवळली, विहिरी पाहिल्या, मेंढ्यांचे गोठे पाहिले. अस्लाकचं होडीघर तेवढं पाहिलं नाही.

का नाही पाहिलं? तर अस्लाक गावात नव्हता म्हणून! तो लोफोतेनला कॉड माशांच्या हंगामावर गेला होता, आणि लुंडवेरमध्ये दुसऱ्याच्या होडीघरात न विचारता कुणी पाय ठेवत नाही. घरात येतील. दार न ठोकता सरळ चुलीपर्यंत येतील आणि स्वतःच कॉफी ओतून घेतील. पण होडीघरात माणसाची जाळी असतात, हत्यारं असतात, त्याचं सगळं पोट तिथं टांगलेलं असतं. धनी नसताना तिथं शिरला तो चोर, असा इथला रिवाज. दाराला कुलूप नव्हतं. लाकडाची खिट्टी होती, एका बोटानं फिरणारी.

गुनवोर तेव्हा पंचविशीत होती. ती त्या दारापाशी उभी राहून ओरडली होती, "मास्तर, हे उघडा!" शोधाचे म्होरके आर्नुल्फ मास्तर होते, शाळेचे मुख्याध्यापक, निम्म्या गावाला अक्षरओळख करून देणारे. ते म्हणाले, "अस्लाक गुरुवारी येतोय. आला की विचारू. माणसाच्या माघारी त्याच्या सामानात हात घालायचा नसतो, गुनवोर." ती खिट्टीकडे धावली, तर दोन बायकांनी तिचे दंड धरले. पोरगी भावनेच्या भरात आहे म्हणून तिला वर गावहॉलमध्ये नेलं आणि शोधणाऱ्यांसाठी पावांना लोणी लावायला बसवलं. तिनं लावलं. रडत रडत लावलं.

अस्लाक आला, त्यानं आपलं दार आपल्या हातानं उघडलं, आणि किंकाळी फोडली. डॉक्टरनं आईबापांना सांगितलं की पोर घावानं गेली नाही, थंडीनं गेली, आणि मंगळवारपर्यंत तरी तिच्यात जीव होता.

मग हळूच एक नवीन हकिगत तयार झाली. होडीघर पहिल्याच दिवशी पाहिलं होतं म्हणे. रिकामं होतं म्हणे. मेकॅनिकनं तिला दुसरीकडे लपवून मागाहून तिथं आणून टाकलं. मास्तरांनी हे पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, आणि शोधाच्या ओळीतल्या प्रत्येकानं मान डोलावली. मेकॅनिक बापडा ओरडून सांगत होता की मी तिला त्याच रात्री तिथं टाकली आणि परत फिरकलो नाही. पण खुन्यावर कोण विश्वास ठेवतो? आणि गुनवोर बोलायला लागली की लोक मवाळ तोंड करून म्हणायचे, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं. तिची आईसुद्धा तेच मानून गेली. निदान मानते असं म्हणायची.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हा हाल्वोर आला. मास्तरांच्या घरी उतरला, मास्तरीणबाईंच्या हातचे माशाचे वडे खाल्ले, आणि लठ्ठ पुस्तक लिहिलं. त्यात पोलीस बावळट, मेकॅनिक राक्षस, आणि गाव देवमाणसांचं. लुंडवेरच्या घराघरात ते पुस्तक प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी आहे, आणि प्रार्थनेच्या पुस्तकापेक्षा जास्त चुरगळलेलं आहे.

म्हणूनच सिनेमावाले पहिल्यांदा परवानगी मागायला आले तेव्हा गुनवोरनं एकच अट घातली होती. ते दार उघडलं गेलं नाही, एवढं दाखवा. बाकी तुम्ही माझ्या बहिणीला घोड्यावर बसवा, नाहीतर विमानात बसवा. सिंड्रेनं छातीवर हात ठेवून शब्द दिला होता, आणि आज तो शब्द परत घ्यायला आला होता. वर तिच्याच हातची वॅफल्स खात होता, तपकिरी चीजचे दोन दोन काप घालून.

"सगळं गावच दोषी दाखवलं, तर प्रेक्षकानं चिडायचं कुणावर?" तो म्हणाला.

"गावावर."

"गावावर चिडता येत नाही गं. गाव म्हणजे धुकं. सिनेमाला चेहरा लागतो."

"मास्तरांना आहे की चेहरा. चांगला लांबडा आहे."

"गुनवोर," हाल्वोर आता समजूतदार आवाजात बोलू लागला, "मी त्या ओळीतल्या सगळ्यांशी बोललो होतो. सगळे सांगतात की दार उघडलं होतं. तू एकटी म्हणतेस नाही. मी काय करायचं?"

"ज्यांच्या घरी जेवलास त्यांचं लिहिलंस. माझ्याकडे जेवला असतास तर माझं लिहिलं असतंस. एवढीच तुझी पोच."

हाल्वोरचे कान लाल झाले. सिंड्रेनं कणीक मळणं थांबवलं.

"मग माझी परवानगी मी परत घेते," गुनवोर म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिंड्रे फार मऊपणे बोलला. इतका मऊ आवाज माणूस एक तर आजाऱ्यापाशी काढतो, नाहीतर गळा कापताना. "परवानगी कायद्यानं लागतच नव्हती. हक्क पुस्तकाचे आहेत, आणि ते हाल्वोरनं दिलेत. तुला आम्ही सौजन्य म्हणून विचारलं होतं."

सौजन्य! गुनवोरला वाटलं, कॉफीची किटली उचलून ह्याच्या टोपीत ओतावी. ह्या मेल्या सौजन्यानंच तर तिची बहीण गारठून मेली होती. तिनं दार उघडून धरलं आणि दोघांना बाहेर काढलं. जाता जाता हाल्वोरनं ताटातलं शेवटचं वॅफल उचललं.

गाव मात्र आनंदानं वेडं झालं होतं. माळ्यांवरून जुने कोट खाली आले. ज्यांना ते आता पोटावर बसेनात ते पोट आत ओढून हिंडू लागले. ओळीत चालायचं म्हणून सगळ्यांनी नावं दिली. जे खरोखर चालले होते त्यांनी दिली, त्यांच्या पोरांनी दिली, आणि नंतर बेटावर घर घेतलेल्या दातांच्या डॉक्टरनंही दिली. सिनेमावाल्यांना जेवू घालायचं काम बायकांनी श्रमदानानं अंगावर घेतलं. गावहॉलमध्ये माशांच्या सुपाची पातेली चढली. स्मशानाच्या कुंपणाला रंग द्यायचा तर ह्यांची कंबर दुखते, पण ओस्लोच्या पोरांपुढे वाट्या मांडायला पहाटेपासून हजर!

"तू येणार नाहीस?" दुकानात बोर्गहिलनं तिला गाठलंच. बोर्गहिल म्हणजे तेव्हा दंड धरणाऱ्या दोघींपैकी डावीकडची. "अगं, तुझ्याच घरची गोष्ट."

"माझ्या घरची नाही. मास्तरांच्या घरची आहे. तिथंच शिजली."

"झालं तुझं सुरू! इतकी वर्षं झाली, अजून तेच. मास्तर चौऱ्याऐंशीचे झाले बाई, आता तरी सोड त्यांना."

"मी धरलेलंच नाही कुणाला. धरायची सवय तुला आहे."

बोर्गहिल बटाटे निवडू लागली. बटाटे निवडताना माणसाला ऐकू येत नाही, हा लुंडवेरमधला फार जुना आजार आहे.

त्या सगळ्या टोळीत एक तिरिल तेवढी गुनवोरच्या दारात आली. ओडनीचं काम करणारी मुलगी, विशीतली, नाकावर तपकिरी ठिपके. पायपुसण्यावर उभी राहून तिनं विचारलं, "ती हसायची कशी?"

"तोंडानं," गुनवोर म्हणाली.

मुलगी गेली नाही. "मला सिनेमात पाचच मिनिटं जिवंत राहायचंय. बाकी नुसतं पडून राहायचं. म्हणून म्हटलं, काहीतरी खरं मिळालं तर बरं."

गुनवोरनं तिच्याकडे नीट पाहिलं. ओडनीसारखी अजिबात दिसत नव्हती. "जोरात हसायची," ती शेवटी म्हणाली. "शेजारी दार लावून घ्यायचे. जा आता, थंडी आत येतेय." आणि दार लावल्यावर तिला स्वतःचाच राग आला, की ह्या लोकांना एवढंसुद्धा का दिलं.

चित्रीकरणाच्या दिवशी वारा सुटला. बोडोहून येणारी बोट रद्द झाली, आणि त्या बोटीवर मास्तरांचं काम करणारा नामवंत नट होता. सिंड्रे किनाऱ्यावर येरझारा घालू लागला. ह्या लोकांची कामाची एक तऱ्हा असते. गोष्टीत पुढे काय, मागे काय, ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. एका जागेवरचं जे जे असेल ते सगळं एका दिवसात उरकायचं. त्यामुळे होडीघर रिकामं दिसतं तो प्रसंगही आजच, आणि अस्लाकला ओडनी सापडते तो प्रसंगही आजच. तिरिलला सकाळीच कपाळावर रक्त रंगवून तयार ठेवलं होतं. ओळीतली माणसं तयार होती, आभाळ हवं तसं करडं होतं, नट तेवढा नव्हता.

मग सिंड्रेची नजर आर्नुल्फ मास्तरांवर गेली. ते हौसेनं ओळीत उभे होते. वय झालं होतं तरी पाठ फळ्यासारखी ताठ.

"पाठमोरे! पाठमोरे चालतील!" सिंड्रेनं टाळी वाजवली. "चेहरा दिसणारच नाही. नटाचा कोट घाला त्यांना!"

"स्वतःच स्वतःचं काम करणार!" हाल्वोर गहिवरला. "असं कुणाला सुचलंसुद्धा नसतं!"

खरंच नसतं सुचलं. अक्कल असलेल्याला तर नाहीच.

काम अगदी सोपं होतं. मास्तरांनी ओळीच्या पुढे चालत यायचं, होडीघरापाशी थांबायचं, खिट्टी फिरवायची, दार ढकलायचं, आत डोकावून "रिकामं आहे" म्हणायचं आणि पुढे जायचं. कॅमेरा लांब, चढावर. आतलं काही दिसणारच नव्हतं.

गुनवोर येणार नव्हती. पण आली. चढावर, सिनेमावाल्यांच्या तंबूमागे, मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. खोटं बोलताना माणसाची पाठ कशी दिसते ते तिला पाहायचं होतं.

सिंड्रेनं खूण केली, आणि ओळ चालू लागली. सांगितलं होतं तशा हाका मारत.

"ओडनी! ओडनीऽ!"

ह्याची गुनवोरनं तयारी केली नव्हती. इतक्या वर्षांत हे नाव बेटावर कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. तिच्यासमोर तर कुजबुजूनसुद्धा नाही. आता पन्नास साठ माणसं वाऱ्याच्या वर आवाज काढून तिच्या बहिणीला बोलवत होती, आणि क्षणभर तिला वाटलं की ती ओ देईल. तिनं कुंपणाची तार घट्ट धरली. मग ओळीत पोट आत ओढून चाललेला दातांचा डॉक्टर दिसला, आणि ती भानावर आली.

ओळ होडीघरापाशी आली. मास्तर दारासमोर थांबले. हात वर गेला, खिट्टीच्या वीतभर अलीकडे पोचला, आणि तिथंच राहिला. मग तो हात खाली आला आणि कोटाच्या खिशात गेला. मास्तर डावीकडून होडीघराला वळसा घालून पुढे चालू लागले. त्यांच्या मागची ओळ दुभंगली. निम्मे खडकाच्या बाजूनं गेले, निम्मे पाण्याच्या बाजूनं, आणि होडीघर ओलांडल्यावर पुन्हा एक झाले. एक माणूस अडखळला नाही. एकानं मागे वळून पाहिलं नाही. हाका चालूच होत्या.

"कट!" सिंड्रे कर्णा घेऊन धावला. "दार! दार उघडायचं होतं!"

ओळ थांबली. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. "अरे हो की," कुणीतरी म्हणालं. बोर्गहिल खुदकन हसली.

"अस्लाकच्या पोराचं आहे आता ते," मास्तर शांतपणे म्हणाले. "यूनचं. यून ट्रॉम्सोला असतो."

"त्यानं आम्हाला भाड्यानं दिलंय! सही आहे त्याची!"

"असेल. पण तो इथं नाही ना."

आणि ओळीतल्या माना डोलल्या. गुनवोरनं चढावरून पाहिलं. म्हाताऱ्यांच्या डोलल्या, आणि जी पोरं तेव्हा जन्मालासुद्धा आली नव्हती त्यांच्याही डोलल्या. हेच ते डोलणं! कोर्टात हेच डोलले होते सगळे, असेच, गोगलगायीसारखे संथ.

सिंड्रेनं मास्तरांचा दंड धरून त्यांना पुन्हा सगळं समजावलं, पहिलीतल्या मुलाला समजावतात तसं. हे खोटं आहे. हा सिनेमा आहे. दार आमचं आहे. उघडायचं. मास्तर म्हणाले, "कळलं मला. बहिरा नाही मी." ओळ मागे गेली, पुन्हा चालत आली, पुन्हा हाका. ह्या वेळी मास्तर दारापाशी थांबले ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी मूठ वर केली आणि दार ठोकलं.

होडीघराचं दार ठोकलं! हलकेच, आजाऱ्याच्या खोलीचं ठोकावं तसं. कान देऊन उभे राहिले. आतून काही आलं नाही. मास्तर ओळीकडे वळले, "कुणी नाही," म्हणाले, आणि वळसा घालून चालू लागले. आणि ओळ त्यांच्या मागून गेली.

सिंड्रेनं "कट" असं ओरडून टोपी डोक्यावरून ओढून जमिनीवर आपटली. खाली टक्कल होतं. "हे लोक वेडे आहेत का?"

"वय झालंय त्यांचं," हाल्वोर म्हणाला. पण तो मास्तरांकडे नव्हे, ओळीकडे पाहत होता.

"मास्तरांचं झालं वय," गुनवोर कुंपणापासून म्हणाली. "बाकीच्यांचं काय झालं, हाल्वोर? ती तिशीतली पोरं बघ. लिही आता. एकदिलानं वळसा घातला म्हणून लिही."

आयुष्यात पहिल्यांदाच हाल्वोरला विशेषण सुचलं नसावं.

गुनवोर चढ उतरून खाली गेली. वाटेत सिनेमाच्या तारा होत्या, त्या ओलांडल्या. तिला कुणी अडवलं नाही. ओळ जिथल्या तिथं थबकून उभी होती, बोर्गहिलसकट, आणि सगळ्यांचे हात त्यांच्या त्यांच्या खिशात होते. ती दारापाशी गेली, एका बोटानं खिट्टी फिरवली आणि दार ढकललं.

आत जाळ्यांच्या ढिगावर तिरिल बसली होती.

वाऱ्यापासून आडोसा म्हणून तिला सकाळीच तिथं बसवलं होतं, आणि नट नाही, बोट नाही ह्या धांदलीत ती आत आहे हे सगळे विसरून गेले होते. अंगावर नाचाला घालायचा पातळ झगा, खांद्यावर एक घोंगडी. कपाळावरचं रक्त रंगाचं होतं. ओठ मात्र खरेच निळे पडले होते.

"उघडलंत एकदाचं," ती म्हणाली. दात वाजत असल्यानं शब्द नीट फुटेनात. "हाका ऐकल्या मी. ठोकलेलंही ऐकलं. पण मला बजावलं होतं, काम चालू असताना हूं की चूं करायचं नाही."

गुनवोरनं आपला कोट काढला आणि तिच्याभोवती गुंडाळला. तिचे हात स्वतःच्या हातांत घेतले, तर बर्फ नुसता. ती ते चोळू लागली. काय चोळतोय, कुणाचे चोळतोय हे तिला त्या क्षणी नीट कळत नव्हतं. रडायचं नव्हतं. ह्या लोकांसमोर नाही.

मागून सिंड्रे धापा टाकत आला. त्यानं दारातून आत पाहिलं, तिरिलचे ओठ पाहिले, आणि वर कॅमेऱ्याकडे वळून ओरडला, "चालू होता का? हे घेतलं का?"

"तूच कट म्हणालास," वरून उत्तर आलं.

सिंड्रेनं एक अस्सल उत्तरेकडची शिवी दिली. इतक्या दिवसांत गावाकडून तो एवढंच शिकला होता.

मास्तर परत फिरले होते. नटाचा कोट वाऱ्यानं फडफडत होता. ते दारापाशी आले, उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आणि आत पाहत राहिले.

"आत होती," ते म्हणाले.

"मास्तर, अहो ती नटी आहे," बोर्गहिल घाईघाईनं पुढे आली. "ओस्लोची. तिरिल. चला तुम्ही, गरम सूप घ्या चला."

"नटी आहे ते मला दिसतंय, बोर्गहिल. माझं डोकं ठिकाणावर आहे." त्यांनी तिचा हात झटकला. "मी तिच्याबद्दल बोलत नाहीये. आम्ही पाहिलंच नाही तेव्हा. दार उघडलंच नव्हतं. ओडनी आत होती, आणि मी दार उघडू दिलं नाही."

हे ते हळू बोलले. पुढच्या चारपाच जणांनी ऐकलं आणि ते आपल्या बुटांकडे पाहू लागले. बोर्गहिलनं हात तोंडावर नेला. मागे वाऱ्यात उभे असलेले पाय आपटत होते आणि विचारत होते, काय झालं, जेवायला सोडणार का.

हा क्षण गुनवोरनं मनात हजारदा पाहिला होता. कधी ती त्यात ढसाढसा रडायची. कधी मास्तरांच्या थोबाडीत मारायची. कधी तर, देव जाणे कसं, माफही करायची. आता तो खरोखर आला, तर तिला नुसती किळस वाटली. ह्या ताठ पाठीच्या माणसाला एवढं एक वाक्य बोलायला अख्खी हयात लागली, ओस्लोहून टोपीवाले यावे लागले, आणि एका परक्या पोरीला कपाळ रंगवून गारठत बसावं लागलं. ह्याच माणसानं तिला शाळेत फळ्यापाशी उभं करून खरं बोलायला शिकवलं होतं.

तिरिलचे हात सोडले नाहीत तिनं. त्या पोरीला उठवून, खांद्याला धरून उंबऱ्याबाहेर आणलं, उजेडात, सगळ्यांना दिसेल असं उभं केलं.

"मोठ्यानं म्हणा, मास्तर," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग त्यांनी टोपी काढली, ओळीकडे तोंड केलं, आणि मोठ्यानं म्हटलं.